पिठावरची फुली

विमान मंगळवारचं होतं. आणि शनिवारी दुपारी साडेबारा वाजता विलीने जाहीर केलं, की आज घरी जेवायचं नाही. दुबईच्या कुसैसमधल्या तीन पिझ्झावाल्यांकडे जायचं, एकेक पिझ्झा खायचा, आणि मग उरलेलं सामान बांधायचं.

"तीन?" ॲडेलिनने हातातली चिकटपट्टी दाताने तोडली. "एका दिवसात? तुझी शुगर तुला विमानात चढू देणार आहे का?"

"मी एकेक तुकडा. बाकीचं मुलं खातील."

मुलं म्हणजे बत्तीस वर्षांचा डेन्झिल, जो अल बर्शाहून मदतीला म्हणून गाडी घेऊन आला होता आणि आल्यापासून एकाही खोक्याला हात न लावता फोनवर बोलत होता. आणि पंचवीस वर्षांची एलिशा, जी खोक्यांवर मार्करने नावं टाकत होती. 'मम्मी किचन.' 'डॅडी किचन.' एका बेडरूमच्या त्या फ्लॅटमध्ये किचन एकच होतं, पण भांडी, सुऱ्या आणि मतं दोन दोन होती.

"डॅडी, सिरियसली?" डेन्झिल फोन बाजूला धरून म्हणाला. "पॅकिंग कोण करणार?"

"तू तर करत नाहीयेस," एलिशा म्हणाली. "सो चल."

ॲडेलिनने चिकटपट्टी ठेवली. नवरा का निघालाय, हे तिला कळत होतं. देऱ्याच्या एका हॉटेलात एकतीस वर्षं तो पिझ्झाच्या ओव्हनसमोर उभा राहिला होता. घरी यायचा तेव्हा भुवयांत पीठ असायचं. आणि तरी पगाराच्या शुक्रवारी (तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची) बायकोमुलांना घेऊन हा माणूस जायचा कुठे, तर पिझ्झा खायला. मोठ्या साखळीवाल्यांकडे कधीच नाही. "जिथे मालक स्वतः ओव्हनपाशी घामाघूम होतो ना, तिथेच," तो म्हणायचा. तिथे जाऊन तो पहिला तुकडा उलटा करायचा, त्याचा तळ बघायचा, त्यावर बोटाच्या पेराने ठक् ठक् वाजवायचा, आणि मगच खायचा. शाळेत असताना मुलं तेवढा वेळ टेबलाखाली काहीतरी शोधत बसायची.

मग कागदी नॅपकिनवर तीन शब्द: तळ, कड, माणूस. समोर दहापैकी गुण. असे नॅपकिन बिस्किटाच्या दोन डब्यांत भरून 'डॅडी किचन'मध्ये गेले होते. वसईला. नंदाखालच्या घरी त्यांचं काय करायचं, हे ॲडेलिनने विचारलं नव्हतं. सगळंच विचारायचं नसतं.

*

*तळ ८. कड ७. माणूस ९ (जाड झालाय).*

मुरलीधरचं दुकान टायपिंग सेंटर आणि लॉन्ड्री यांच्या मध्ये, चार टेबलांचं. मुरलीधर मूळचा कुडाळचा. आठ वर्षं विलीच्या हाताखाली होता, मग स्वतःचं दुकान टाकलं. विलीला बघून तो ओव्हन सोडून धावत बाहेर आला आणि वाकून पायांनाच हात लावायला लागला.

"अरे, अरे! गिऱ्हाईक बघतायत," विली म्हणाला. पण वाकू दिलं.

"बघू देत, शेफ. वहिनी, तुम्ही पण या. काय गं, एलिशा, ओळखलंस का? तुला मी ऑलिव्ह द्यायचो आणि तू थुंकायचीस."

"अजून थुंकते," एलिशा म्हणाली.

पिझ्झा आला. पस्तीस दिरहम. ॲडेलिनने सवयीने मोठ्यांदा रुपयांत "आठशे चाळीस" म्हटलं, आणि सवयीनेच डेन्झिलने "मम्मी, स्टॉप" म्हटलं. विलीने तुकडा उलटा केला, ठक् ठक् केलं. या वेळी टेबलाखाली कोणी गेलं नाही. उलट एलिशाने फोन काढून त्याचा व्हिडिओ घेतला.

"आत या, आत या," मुरलीधर म्हणाला. "तुम्हाला एक दाखवतो."

भटारखान्यात स्टीलच्या मोठ्या टबात मळलेलं पीठ होतं. गुळगुळीत, नुकतं ठेवलेलं. आणि त्यावर मधोमध तळहाताच्या कडेने दाबलेली फुली. एक रेघ उभी, एक आडवी.

ॲडेलिनच्या ओठांवर हसू आलं. सासूबाई फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ झाकताना अशीच फुली करत. लग्नघरात, ख्रिसमसला, कधीही. तळहाताच्या कडेने क्रूस काढायचा, देवाचं नाव घ्यायचं, वर ओलं फडकं. विलीने ते उचललं, विलीकडून ह्याने उचललं. इथवर आलं की!

"एलिशा, रेकॉर्ड कर," मुरलीधर मास्तरांच्या आवाजात म्हणाला. "ही शेफची फुली. हिच्याशिवाय पीठ गुदमरतं. ह्या रेघांतून ते श्वास घेतं. रेघा उघडल्या की समजायचं, पीठ तयार. मी काय कमी पुस्तकं वाचली नाहीत, वहिनी. कुठेही दिलेलं नाही. हे फक्त शेफना माहीत होतं."

ॲडेलिनचं हसू तिथेच थांबलं. श्वास? तिने विलीकडे पाहिलं. विली टबाकडे बघत होता.

"अरे, हाच तर लोगो आहे!" डेन्झिलने फोन पुढे केला. तो एका प्रिंटिंग कंपनीत डिझायनर होता. "फहदभाईंच्या पिझ्झाच्या दुकानासाठी केला मी. गोल, आत दोन रेघा. सिंपल. ते शारजा आणि अजमानला दोन दुकानं काढतायत ना, तिन्हीकडच्या बॉक्सवर हाच. खाली लिहिलंय, 'द डो दॅट ब्रीद्स'. सोमवारी प्रेसला जातोय. डॅडी, सरप्राइज होतं, पण आता बघाच."

विलीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. बघितलं. चष्मा पुन्हा वर केला.

"छान आहे," तो म्हणाला.

तेहेतीस वर्षांच्या संसारात हा माणूस एखाद्या गोष्टीला नुसतं "छान आहे" म्हणून गप्प बसला, असं दोनदाच झालं होतं. दोन्ही वेळा नंतर डॉक्टरकडे जावं लागलं होतं.

*

*तळ ९. कड ९. माणूस*

इथे काही लिहिलेलं नाही. पेन टेकवल्याचा निळा ठिपका तेवढा आहे.

मुनिबाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. ती कराचीची. आधी घरून पिझ्झा करून विकायची. मग मुरलीधरकडे सहा महिने शिकली आणि दुकान टाकलं. विलीला तिने आज पहिल्यांदाच पाहिलं, पण मुरलीधरचा फोन येऊन गेला होता, आणि पाहून दुपट्टा सावरत ती एकदम उभीच राहिली.

"आप वही शेफ विली हैं? जिनका निशान है?"

"कौन सा निशान?" विलीचा आवाज बारीक.

आणि मग मुनिबाने जे सांगितलं, ते ऐकताना एलिशाला हसू आवरेना. निशान लावायचं, पण आडवी रेघ दुकानाच्या दाराकडे तोंड करून हवी, म्हणजे हवा सरळ आत जाते. निशान लावल्यावर तीन मिनिटं पिठाला हात लावायचा नाही. त्यासाठी वेगळा टायमर आहे. हा बघा. एकदा तिच्या नणंदेने रेघ उलटी काढली, तर अख्खा टब बसला.

"फिर?" ॲडेलिनने विचारलं. तिला खरंच उत्सुकता वाटली.

"फिर क्या, भाभी. ननद को अब सिर्फ़ काउंटर पे बिठाती हूँ."

डेन्झिल मोठ्याने हसला. विली नाही हसला. त्याने तुकडा उलटा केला, पण वाजवला नाही. मुनिबा समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे परीक्षेचा निकाल बघावा तशी बघत होती. तो म्हणाला, "बहुत अच्छा है, बेटा. हमसे अच्छा है." ते खरंच होतं, आणि म्हणूनच की काय, त्याचे डोळे भरून आले. मुनिबाला वाटलं मिरची लागली. तिने पळत जाऊन लबन, म्हणजे इथलं ताक, आणून दिलं.

*

गाडी सुरू करू नकोस, विली म्हणाला.

डेन्झिलने किल्ली सोडली. जानेवारीची दुपार होती, काचा खाली केल्या तरी चालण्यासारखी. समोर एक माणूस सुपरमार्केटच्या ट्रॉल्या एकात एक ढकलत चालला होता. विली पुढच्या सीटवर, मागे दोघी.

"ते हवेसाठी नाहीये," विली म्हणाला.

"काय?"

"फुली. तो क्रूस आहे. माझ्या आईचा."

"ते मला माहितीये," एलिशा म्हणाली. "मम्मी पण करते ना. मला वाटलं, तुम्ही लोकांना सायन्स वगैरे सांगून गंमत करताय."

डेन्झिल अख्खा वळला. "एक मिनिट. मला माहीत नव्हतं!"

"तू किचनमध्ये कधी आलास तर कळेल ना."

"एलिशा, शट अप. डॅडी, फहदभाईंनी सांगितलं म्हणून मी सेव्हन्थमध्ये सायन्सचा प्रोजेक्ट केला होता ह्यावर! 'ब्रीदिंग डो'! दोन टब. एकावर फुली, एकावर नाही. फुलीवाला जास्त फुगला होता! थर्ड प्राइज मिळालं मला!"

"तो टब गॅसच्या बाजूला होता," ॲडेलिन म्हणाली. "मीच ठेवला होता. जागा नव्हती. प्रोजेक्ट कशाचा, हे मला कुठे माहीत होतं?"

डेन्झिलचं तोंड उघडं राहिलं.

एलिशा हसायला लागली, आणि थोड्या वेळाने डेन्झिलही. पण विलीच्या खांद्यांवरून ॲडेलिनला कळलं, की हे हसण्यावारी जाणार नाही. "बोल," ती म्हणाली.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती. फहद हॉटेलात नवीन लागला होता, तिशीला टेकलेला, पेशावरकडचा, हाताला चलाख. विली रोजच्यासारखा पिठावर क्रूस काढत होता, मनात नाव घेत होता. फहदने विचारलं, शेफ, ये किस लिए? मागे मोठा शेफ उभा. भटारखान्यात दहा देशांची माणसं. कोणी काही म्हणालं असतं असं नाही. कोणी काहीच म्हणालं नसतं कदाचित. पण विलीच्या तोंडून निघून गेलं, हवा के लिए.

"बस्स. तीन शब्द," विली म्हणाला. "मग त्याने मुरलीधरला सांगितलं. मुरलीधरने त्या पोरीला. तिने तर टायमर लावलाय, ॲडेलिन! नणंदेला हाकलून दिलंय!"

"काउंटरवर बसवलंय. हाकललं नाही."

"आणि आता खोक्यांवर छापणार. फहद. त्याला कळलं तर? त्याच्या गिऱ्हाइकांना कळलं तर? तेरा वर्षं माझ्याबरोबर होता तो. त्याला मी न सांगता क्रूस काढायला लावला, असंच होतं ना हे?"

ॲडेलिनने ह्या माणसाच्या कपड्यांतलं पीठ एकतीस वर्षं झटकलं होतं. ह्या तीन शब्दांचा कण मात्र कधी खाली पडला नव्हता.

"सांगू नका," डेन्झिल म्हणाला. "डॅडी, लिसन. कोणालाही तो चार तुकड्यांत कापलेला पिझ्झाच दिसतो. मलाही तेच दिसलं. मंगळवारी तुम्ही चाललात. खलास."

"त्याचं दुकान आहे, डेन्झिल. त्याचं नाव," एलिशा म्हणाली. "त्याला माहीत हवं. उद्या कोणी विचारलं तर तो काय सांगेल, ब्रीदिंग?"

"मम्मी?"

मागच्या ईस्टरला, परत जायचं की नाही ह्यावरून घर दुभंगलं होतं तेव्हा, ॲडेलिन आणि एलिशा एका बाजूला होत्या. आज तिला मुलाचं पटत होतं. "राहू दे, विली," ती म्हणाली. "इथे आपण एवढी वर्षं कसे राहिलो? आपलं आपल्यापाशी ठेवून. जाता जाता कशाला? त्याने तोंड फिरवलं तर तू तिकडे जाऊन वर्षभर झोपणार नाहीस. मी ओळखते तुला."

"दोन विरुद्ध एक," डेन्झिल म्हणाला.

विलीने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मला धर्माचं नाही गं वाटत," तो म्हणाला. "फहद बिचारा काय म्हणायचं ते म्हणेल. पण कोणीतरी मला विचारलं, हे कशासाठी, आणि मी आईचं नाव घ्यायला लाजलो. हवा म्हणालो. माझी आई हवा होती का?"

डेन्झिलने किल्ली फिरवली.

"यल्ला," तो म्हणाला. "मी प्रेसला फोन करून सोमवारचं होल्डवर टाकतो. तुम्ही सांगा त्यांना."

"आता?" एलिशा म्हणाली. "तू तर..."

"माझंच ड्रॉइंग आहे ना? मला पण कळायला नको, मी काय काढलंय ते?"

दोन विरुद्ध एक आता तीन विरुद्ध एक झालं होतं, आणि एकटी ॲडेलिन होती. तिने पर्समधून रोझरी काढली, मग परत आत टाकली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

*

फहदचं दुकान शारजाच्या रस्त्याला लागून. बारा टेबलं, विटांचा ओव्हन, दारात जाहिरातीचा झेंडा. फहदची दाढी आता निम्मी पांढरी होती. त्याने विलीला अशी मिठी मारली, की विलीचा चष्मा त्याच्या खांद्यावर आडवा झाला.

"शेफ! मंगल को जा रहे हैं और शनिवार को याद आई?"

"बैठने नहीं आया, फहद. अंदर चल."

"पहले खाइए."

"पहले अंदर."

फहदने ॲडेलिनकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. मग ती, मुलं, सगळेच आत गेले. खरं म्हणजे कोणी बोलावलं नव्हतं.

आत टबात पीठ होतं, अजून कोरं. बाजूला ओलं फडकं घडी करून ठेवलेलं. विली टबाच्या एका बाजूला उभा राहिला, फहद दुसऱ्या. कितीतरी वर्षं असेच उभे राहिले असतील, ॲडेलिनच्या मनात आलं. ही जागा तिने कधी पाहिलीच नव्हती. नवऱ्याचा अर्धा दिवस कायम भिंतीपलीकडे होता.

"वो निशान," विली म्हणाला. "हवा के लिए नहीं है."

फहदने हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"मालूम है, शेफ."

"क्या मालूम है?"

"पहले हफ़्ते से मालूम है. आप निशान लगाते थे तो होंठ हिलते थे." त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "हवा के लिए होंठ कौन हिलाता है?"

एलिशाच्या घशातून आवाज आला, हसण्याचा की कसला, ते तिलाही कळलं नसावं.

"तो पूछा क्यों नहीं?"

"पूछा था ना. आपने कहा हवा. मैंने सोचा, आदमी को नहीं बताना है, तो नहीं बताना है. बाक़ी सबको मैंने भी हवा ही बताया." फहदने खांदे उडवले. "आप जिस जगह होंठ हिलाते थे, मैं उस जगह बिस्मिल्लाह पढ़ता हूँ. बाईस साल में एक टब नहीं बैठा."

विलीने टबाची कड धरली. "मेरी माँ का है," तो म्हणाला. "वो लगाती थी. मुझे तेरे सामने बोलना था और मैं नहीं बोला."

"नाम क्या था अम्मी का?"

इथे येऊन एकतीस वर्षं झाली होती. व्हिसाच्या फॉर्मवर आईचं नाव कितीदा लिहिलं असेल. पण तोंडाने कोणी विचारलं नव्हतं.

"कतरीन," विली म्हणाला.

"कतरीन," फहद म्हणाला. त्याच्या तोंडी ते नाव थोडं लांबलं. मग तो डेन्झिलकडे वळला. "डिब्बे पे वो 'ब्रीद' वाली लाइन निकाल दो. झूठ है. निशान रहने दो."

"लेकिन भाई, कोई कस्टमर पूछे तो?"

"बोलूँगा, मेरे उस्ताद की माँ का निशान है. और पूछेगा कौन, हबीबी? कस्टमर सिर्फ़ चीज़ देखता है."

डेन्झिलला हसायचं होतं, पण त्याला नाक ओढावं लागलं. विलीने खिशातून नॅपकिन काढला. तळ, कड, माणूस, तिन्ही शब्द आधीच लिहून ठेवलेले होते. पुढे काही लिहिलं गेलं नाही. तो त्याचंच नाक पुसण्यात गेला.

"लगाइए, शेफ," फहदने टब पुढे सरकवला. "जाते-जाते."

विलीने हात धुतले. तळहात उभा धरला, आणि तसाच थांबला. ॲडेलिनला वाटलं, आता ओठ हलतील. तिने ते कधी बघितले नव्हते, फहदने बघितले होते. पण ओठ नुसते हलले नाहीत. आवाज आला. मळलेल्या पिठाचा वास, ओव्हनची धग, बाहेर कोणीतरी गार्लिक ब्रेड मागतंय, आणि त्या सगळ्यात तिचा नवरा चर्चमध्ये म्हणतो तसा, नंदाखालच्या घरात म्हणतो तसा म्हणाला,

"पित्याच्या, पुत्राच्या..."

उभी रेघ उमटली. पुढे त्याचा आवाज फुटला. हात पिठावरून वर आला, पण आडवा होईना.

फहदने वाट पाहिली. मग स्वतःचा तळहात आणला, ओठांतल्या ओठांत आपलं म्हटलं, आणि आडवी रेघ दाबली. सरळ, न घाबरता, बावीस वर्षांच्या सवयीने.

दोन पुरुष पिठाकडे बघत नुसते उभे. मुलं दाराशी.

ॲडेलिन पुढे झाली. फडकं नळाखाली धरलं, पिळलं, झटकलं.

"सरका," ती म्हणाली. "उघडं ठेवलंत तर वाळेल ते." आणि तिने टब झाकला.